जुना लॅपटॉप : मागितलेली किंमत आणि खरे मोल

वऱ्हाडातील शेतकरी बैलबाजारात गेला म्हणजे विकणाऱ्याच्या स्तुतीवर विसंबत नाही. तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून घेतो आणि मगच किमतीची बोलणी सुरू करतो. मालकाने वय काहीही सांगितले तरी दात खरे वय सांगतात. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील खेड्यांत शाळेसाठी अथवा स्वतःसाठी जुना लॅपटॉप घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकाने हीच रीत अनुसरणे हिताचे आहे.

हा प्रश्न केवळ वस्तूच्या खरेदीचा नाही. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर अनेक गावांनी लोकवर्गणी काढून आपल्या शाळांना संगणकादी साधने मिळवून दिली. या वर्गणीत कापूस विकून आलेला पैसा असतो, तसाच रोजमजुरीचाही असतो. अशा पैशातून आणलेले यंत्र सहा महिन्यांत बंद पडले, तर रक्कम तर जातेच, पण पुढील वेळी शिक्षक गावापुढे उभा राहिला म्हणजे गावकऱ्यांना ते कोपऱ्यात पडलेले यंत्र आठवते. म्हणून किंमत ठरविण्यापूर्वी परीक्षा करणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय.

बाजारात येणारे पुष्कळसे जुने लॅपटॉप मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून आलेले असतात. कंपन्या तीन-चार वर्षे वापरून ते घाऊक विकतात; व्यापारी ते पुसून, दुरुस्त करून पुन्हा विक्रीस ठेवतात. अशी यंत्रे बहुधा मजबूत बांधणीची असतात, हा त्यांचा गुण. मात्र बाहेरून चकचकीत केलेल्या यंत्राचे वय आतूनच ओळखावे लागते.

वय ओळखण्याची पहिली खूण प्रोसेसरच्या नावात असते. इंटेलच्या कोअर मालिकेत ‘आय ५-८२५०यू’ अशा धर्तीचा क्रमांक आढळतो. संयोगचिन्हानंतरचा पहिला अंक प्रोसेसरची पिढी दाखवितो. येथे ती आठवी आहे. क्रमांकाचा आरंभ १ ने होत असेल, तर पहिले दोन अंक मिळून पिढी समजावी. ही आठवी पिढी २०१७ साली बाजारात आली. तिच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे विनामूल्य संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. ज्या यंत्रावर विद्यार्थ्यांची माहिती भरली जाते व बँकेचे व्यवहार होतात, त्याला संरक्षण नसणे ही मोठी उणीव आहे. म्हणून ‘आय ५ आहे’ एवढ्यावर समाधान न मानता ‘कितव्या पिढीचा’ हे विचारावे.

दुसरी परीक्षा बॅटरीची. विंडोजमधील आज्ञाखिडकी उघडून पॉवर व सीएफजी ही अक्षरे जोडून लिहावीत, एक जागा सोडून तिरकी रेघ द्यावी व तिला लागून बॅटरीरिपोर्ट हा शब्द रोमन लिपीत टंकावा. यंत्र एक अहवाल तयार करते. त्यात बॅटरीची मूळ धारणशक्ती व आज पूर्ण भरल्यावर उरलेली शक्ती असे दोन आकडे असतात. मूळ आकडा ४८,००० व आजचा २६,४०० असेल, तर बॅटरी ५५ टक्केच उरली, असा अर्थ होतो. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर झिजते, आणि अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो. शिवाय जेथे वीज वारंवार खंडित होते, अशा मेळघाटातील शाळेत बॅटरी हा केवळ सोयीचा भाग नसून तासिका पूर्ण होण्याचा आधार असतो.

तिसरी परीक्षा साठवणीची व स्मृतीची. आत फिरती हार्ड डिस्क असल्यास यंत्र सुरू होण्यास बराच वेळ घेते आणि धक्क्याने बिघडण्याचा संभव राहतो. तिच्या जागी एसएसडी असणे इष्ट. रॅम ८ जीबी असावी. ४ जीबीवर विंडोज ११ चालते खरे, परंतु दोन-तीन कामे एकत्र उघडताच मंदावते.

चौथी परीक्षा चालवून पाहण्याची. विक्रेत्यासमोर अर्धा तास चलचित्र चालू ठेवावे. पंखा खूप घरघरला, तळ चटका बसण्याइतका तापला वा यंत्र मध्येच बंद पडले, तर आत धूळ साचली आहे किंवा बिघाड आहे, असे समजावे. मराठी टंकलेखन करून प्रत्येक कळ दाबून पाहावी. पडद्यावर पूर्ण पांढरे व पूर्ण काळे चित्र आणून डाग शोधावेत. बिजागरी, कॅमेरा, ध्वनी, वायफाय आणि विशेषतः प्रक्षेपक जोडण्याचे एचडीएमआय छिद्र तपासावे. शाळेच्या दृष्टीने ते बंद असलेले यंत्र निम्मे निरुपयोगी ठरते.

पाचवी परीक्षा मालकीची. कचेरीतून आलेल्या काही यंत्रांवर मूळ कंपनीचे दूरनियंत्रण कायम राहिलेले असते. नव्याने विंडोज बसवून इंटरनेट जोडताच ते कंपनीचे खाते मागते व पुढे जाऊ देत नाही. म्हणून हा प्रयोग पैसे देण्यापूर्वीच करवून घ्यावा. तळावरील अनुक्रमांक आणि यंत्राच्या आतील सेटिंगमध्ये दिसणारा अनुक्रमांक जुळला पाहिजे. पावती देण्यास नकार मिळाल्यास किंमत कितीही कमी असली तरी व्यवहार करू नये. चोरीचा माल असल्याचे ठाऊक असता, किंवा तसे मानण्यास कारण असता, अप्रामाणिकपणे तो घेणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ प्रमाणे अपराध आहे.

आता किमतीचा हिशेब. जुन्या यंत्राची किंमत त्याच्या मूळ किमतीवरून ठरवू नये. ती उरलेल्या सेवेच्या वर्षांवरून ठरवावी. समजा, शाळेच्या गरजेपुरते नवे यंत्र ३६,००० रुपयांस मिळते व ते सहा वर्षे काम देईल. म्हणजे वर्षाच्या सेवेचे मोल ६,००० रुपये झाले. समोरचे जुने यंत्र आणखी तीन वर्षे चालेल असा अंदाज असेल, तर त्या सेवेचे मोल १८,००० रुपये. विक्रेताही १८,००० रुपयेच मागत आहे, तेव्हा व्यवहार बरोबरीचा वाटतो. परंतु बॅटरीस ३,००० व एसएसडीस २,५०० रुपये लागणार असतील, तर ५,५०० वजा जाऊन १२,५०० उरतात. नव्या यंत्राला मिळणारी हमी येथे नाही. त्या जोखमीपोटी पाचवा हिस्सा सोडल्यास १०,००० रुपये हीच योग्य किंमत ठरते. यांतील आकडे उदाहरणादाखल आहेत. बाजारभाव त्या त्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावेत. वजाबाकीची रीत मात्र तीच राहील. धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातील शिक्षकाने दुरुस्तीसाठी परतवाडा वा अमरावती गाठण्याचा खर्चही त्यात धरावा.

सातव्या पिढीचे यंत्र सर्वथा टाकाऊ असते, असे मात्र नाही. त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसविता येते. केरळातील शासकीय शाळांतून मुक्त सॉफ्टवेअरचा वापर दीर्घकाळ चालू आहे. मुलांना चित्रफिती दाखविणे, टंकलेखन शिकविणे व इंटरनेटवरील कामे यांस असे यंत्र पुरते. तथापि त्याचा मोबदला त्याच मानाने कमी असावा आणि प्रणाली बसवून देणारा माणूस जवळपास असावा.

खरेदी शाळेसाठी असल्यास परीक्षेची टिपणे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवावीत, ठराव घ्यावा, पावतीवर अनुक्रमांक लिहवून घ्यावा आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद करावी. महिनाभराची तरी लेखी हमी मागावी. या परीक्षांना लागणारा वेळ दोन तासांहून अधिक नाही. त्या दोन तासांत दोष आढळून व्यवहार मोडला, तरी शिक्षकाने संकोच मानण्याचे कारण नाही. दात पाहून बैल न घेता परतलेल्या शेतकऱ्यास गावात कोणी हसत नाही.