समोरासमोरचे रंग

पूरक रंग : रंगचक्रावर बरोबर समोरासमोर येणारे. चित्रकाराच्या जोड्या तीन : लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा. इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेला बसलेल्यांना हेच ‘विरोधी रंग’ म्हणून आठवतील.

• शेजारी लावले तर दोन्ही उठून दिसतात. कालवले तर दोन्ही विझतात. उरतो तपकिरी किंवा राखाडी. एक रंगद्रव्य जो प्रकाश परत पाठवते, तोच बहुतांशी दुसरे शोषून घेते.

• हा ‘मळका’ रंग वाया जात नाही. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा मातकट नारिंगी मिसळला की जवळजवळ काळी छटा तयार होते. निळा वाढवला की ती थंड, सिएना वाढवला की उबदार. लालभडक टोमॅटोची सावलीकडची बाजू रंगवायला लालात हिरव्याचा एखादा थेंब पुरतो.

• प्रकाशाचे गणित निराळे : निळा आणि पिवळा प्रकाश मिळून पांढरा.

• मिशेल यूजीन शेव्हरल हे पॅरिसच्या गोबेलँ विणकाम कारखान्यातील रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ. काळा धागा फिका दिसतो, या तक्रारीचा त्यांनी छडा लावला. दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता! त्यावरचा ग्रंथ १८३९चा.

• चित्रकार जॉर्ज सरा यांनी ‘ला ग्रांद जात’ या चित्रात (१८८४-८६) रंग पॅलेटवर न कालवता ठिपक्यांनी शेजारी ठेवले.

• व्हॅन गॉग यांच्या ‘द नाइट कॅफे’त (१८८८) भिंती लाल, छत हिरवे. हे चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या कलादालनात आहे.