सोनार सोने पाण्यात का बुडवतो?

मुलांनो, शुद्ध सोने फार मऊ असते. म्हणून दागिन्यांसाठी त्यात तांबे मिसळतात. वजनाने ७५ भाग सोने व २५ भाग तांबे मिसळले, की १८ कॅरेटचे तांबूस सोने तयार होते. सोन्याचा अणू तांब्याच्या अणूच्या सुमारे तिप्पट जड असतो. त्यामुळे या मिश्रणात दोघांचे अणू जवळजवळ सारखेच भरतात. खूप तापलेल्या मिश्रणात ते कसेही विखुरलेले असतात. मिश्रण सावकाश थंड झाले, तर सुमारे ४१० अंश सेल्सिअसच्या खाली त्यांचे एकाआड एक थर लागतात. मग सोने कडक होते आणि ठोकताना त्याला तडा जातो. म्हणून सोनार असे तापवलेले सोने चटकन पाण्यात बुडवतो. अणूंना थर लावायला वेळच मिळत नाही आणि सोने मऊ राहते!