'जादा' घट म्हणजे कोणती?

अमेरिकेत ज्या भागातील हवा मानकापेक्षा दूषित आहे, तेथे नवा मोठा कारखाना काढण्यासाठी तेथलेच जुने प्रदूषण घटल्याचे दाखवावे लागते. या घटीला आपण 'उत्सर्जन-घट श्रेय' म्हणू. ती कायमची, मोजता येणारी आणि 'जादा' हवी. गल्लत होते ती या शेवटच्या शब्दापाशी.

समजा, एक कारखाना वर्षाला १०० टन नायट्रोजन ऑक्साइडे सोडतो. नियमाने ६० टनांवर येणे भागच होते. तो ४० वर आला. श्रेय किती? चटकन ६० म्हणावेसे वाटते, पण उत्तर २०! जी घट व्हायचीच होती, ती विकली तर हवेत भरच पडेल. त्यातही १९९० च्या दुरुस्तीनुसार ओझोनबाबत सर्वांत वाईट वर्गातील भागांत नव्या १ टनामागे सर्वसाधारणपणे १.५ टन श्रेय लागते. म्हणजे या २० टनांवर जेमतेम १३ टनांची सोय झाली.