गावाच्या उंबरठ्यावरचे संशोधन

दवाखान्याच्या नोंदवहीत आजाऱ्यांची संख्या असते, पण आजाराचे प्रमाण नसते. शंभर स्त्रिया तक्रार घेऊन आल्या, एवढे ती वही सांगते. हजार स्त्रिया दुखणे अंगावर काढून घरीच राहिल्या, हे ती सांगू शकत नाही. प्रमाण काढायचे तर वर अंश आणि खाली छेद लागतो, आणि छेद म्हणजे संपूर्ण गाव. गावातील घरे, माणसे, जन्म आणि मृत्यू मोजून, आजारी आणि निरोगी अशा सर्वांना तपासून जे संशोधन होते त्याला समाजाधारित आरोग्य संशोधन म्हणतात. महाराष्ट्रात या पद्धतीचे सर्वांत परिचित काम गडचिरोली जिल्ह्यात झाले आणि ते मजूर, माता व बालके या तिन्ही घटकांशी निगडित आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि 1986 साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा झाला होता. जंगल, धानशेती, तेंदूपत्ता आणि गोंड आदिवासींची मोठी वस्ती असलेल्या या भागात रस्ते आणि डॉक्टर दोन्ही तुरळक होते.

या कामाची पूर्वपीठिका वर्धा परिसरातील आहे आणि ती मजुरीच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. 1980 च्या दशकाच्या आरंभी रोजगार हमी योजनेवरील मजुराला दिवसाला 4 रुपये किमान मजुरी मिळत असे. मजुरी ठरवण्याचा एक आधार होता उष्मांकांचा : कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला किती उष्मांक लागतात, ते कोणत्या अन्नातून मिळतील आणि ते अन्न बाजारात केवढ्याला पडेल. अभय बंग यांनी हा हिशेब नव्याने मांडला, आधीच्या हिशेबातील चुका दाखवल्या आणि मजुरी 12 रुपये असायला हवी असा निष्कर्ष काढला. मजूर संघटनांनी ही मागणी उचलून धरली आणि शासनाने पुढे मजुरी 12 रुपये केली. उपाशी मजुराला टॉनिक लिहून देण्यापेक्षा त्याच्या मजुरीचा हिशेब दुरुस्त करणे हाही आरोग्याचाच उपाय ठरतो, हे यातून दिसले.

गडचिरोलीतील पहिल्या मोठ्या अभ्यासाचा विषय स्त्रियांची दुखणी हा होता. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असे सरकारी कार्यक्रमांचे गृहीत होते. पांढरे जाणे, पाळीच्या तक्रारी, ओटीपोटातील दुखणे यांची गणती कुठेच होत नसे. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. तक्रार असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया त्यात होत्या. त्यांतील 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. सरासरी काढली तर प्रत्येक स्त्रीला 3 हून अधिक विकार होते. यापूर्वी कधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया मात्र केवळ 8 टक्के होत्या.

हा शोधनिबंध जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 92 आणि 8 या दोन आकड्यांमधील अंतर मोजण्याचे साधन कोणत्याही रुग्णालयाजवळ नव्हते, कारण त्या अंतरात असलेल्या स्त्रिया रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हत्या. लाज, घरातील कामे, बुडणारी मजुरी आणि स्त्री डॉक्टरचा अभाव ही त्याची कारणे होती. केवळ प्रसूतीपुरता विचार न करता स्त्रीच्या प्रजनन आरोग्याचा समग्र विचार व्हावा, ही मागणी पुढे जगभर मान्य झाली. तिला बळ देणाऱ्या अभ्यासांमध्ये या दोन गावांच्या अभ्यासाची गणना होते.

दुसरा विषय बालमृत्यूंचा होता. लहान मुलांच्या मृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया आहे, असे गावोगावच्या नोंदींतून पुढे आले. औषध स्वस्त होते, पण ते देणारा माणूस जवळ नव्हता. खोकणाऱ्या प्रत्येक मुलाला न्यूमोनिया नसतो. तो ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक आणि त्यापुढे वर्षापर्यंतच्या बाळाचा 50 किंवा अधिक झाला, तर न्यूमोनियाची शक्यता धरतात. अडचण अशी की गावातील अनेक दायांना 50 पर्यंत मोजता येत नव्हते.

त्यासाठी श्वास मोजण्याची एक साधी पाटी तयार करण्यात आली. तिच्यावर मण्यांच्या दोन ओळी आणि बाजूला एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. घड्याळ उलटे करायचे, बाळाच्या पोटाची हालचाल पाहायची आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळाच्या ओळीत पाच मणी आणि सहावा लाल. मोठ्याच्या ओळीत चार मणी आणि पाचवा लाल. वाळू संपण्याआधी लाल मण्यावर हात गेला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. दहापर्यंत मोजता येणाऱ्या दाईला एवढे पुरेसे होते. शहाणपणाची उणीव दाईत नसून साधनात होती, हे या पाटीने सिद्ध केले.

शंभराहून अधिक गावांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. गावातील कार्यकर्ते आणि दाया यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या रुग्ण बालकांपैकी 0.8 टक्के दगावली. तुलनेसाठी निवडलेल्या भागात हे प्रमाण 13.5 टक्के होते. वर्षभरात कार्यक्षेत्रातील न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू तुलना क्षेत्राच्या निम्म्याहून कमी झाले.

येथे तुलना क्षेत्राचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. एखाद्या गावात मृत्यू कमी झाले म्हणजे ते उपचारामुळेच झाले असे नाही. पीकपाणी चांगले झाले असेल, साथ ओसरली असेल, नवा रस्ता झाला असेल. म्हणून सारख्याच परिस्थितीतील गावांचे दोन गट घेतात. एका गटात नेहमीच्या सरकारी सेवेसोबत नवा उपाय, तर दुसऱ्या गटात केवळ नेहमीची सेवा. दोन्हींकडे जन्ममृत्यूची नोंद मात्र सारख्याच काटेकोरपणे ठेवावी लागते. सर्वांत अवघड काम तेच आहे. जन्मल्यानंतर काही तासांत गेलेल्या बाळाचे बारसे झालेले नसते, त्याची नोंद कुठे होत नाही, घरातले त्याविषयी बोलत नाहीत. असा मृत्यू नोंदवायचा तर गर्भवतींची यादी आधीपासून हाती असावी लागते. कारण शोधण्यासाठी नातेवाइकांना मृत्यूपूर्वीची लक्षणे विचारावी लागतात.

न्यूमोनियाचे मृत्यू घटल्यावर उरलेल्या बालमृत्यूंचा मोठा भाग पहिल्या 28 दिवसांतील असल्याचे स्पष्ट झाले. 1995-96 मध्ये 39 गावांतील 763 नवजात बाळांची घरोघरी जाऊन वर्षभर पाहणी केली गेली. त्यांतील सुमारे 42 टक्के बाळांचे वजन जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी होते. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज भासली. ती मिळाली 2.6 टक्के बाळांना. बहुतेक बाळंतपणे घरीच होत असत. बाळ-बाळंतिणीने काही दिवस घराबाहेर पडायचे नाही, हा रिवाज होता. बाळ दवाखान्यात येणार नसेल तर उपचार त्या खोलीत पोहोचला पाहिजे, असा निष्कर्ष यातून निघाला.

त्यासाठी प्रत्येक गावातील पाचवी ते दहावी शिकलेल्या एका स्त्रीला प्रशिक्षण देण्यात आले. तिला ‘आरोग्यदूत’ म्हटले गेले. बाळंतपणाला दाईसोबत हजर राहणे, न रडणाऱ्या बाळाला पिशवी व मुखवट्याने श्वास देणे, वजन करणे, बाळ उबदार ठेवणे, अंगावर पाजण्यास मदत करणे आणि ठरलेल्या दिवशी घरी जाऊन तपासणे ही तिची कामे. जंतुदोष ओळखण्यासाठी पुढे नोंदींच्या अभ्यासातून सात खुणा निश्चित झाल्या : रडणे क्षीण होणे, दूध ओढणे कमी होणे, हातपाय लुळे पडणे, वांत्या किंवा पोटफुगी, अंग गार पडणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे आणि बेंबीत पू होणे. यांपैकी कोणत्याही दोन एकदम दिसल्या तर जंतुदोष समजायचा. आईवडील रुग्णालयात जाण्यास तयार नसतील, तर त्यांच्या संमतीने आरोग्यदूत जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने घ्यायचे प्रतिजैविक देत असे.

डिसेंबर 1999 मध्ये या क्षेत्रप्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 39 गावांच्या कार्यक्षेत्रात दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 होते. ते तीन वर्षांत 25.5 वर आले. 47 गावांच्या तुलना क्षेत्रात ते 60 च्या जवळपासच राहिले. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी 16.6 टक्के दगावत. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्यांत हे प्रमाण 2.8 टक्के झाले. एका बाळामागे सुमारे 5 डॉलर खर्च आला.

एका जिल्ह्यातील निष्कर्ष इतरत्र लागू पडतात का, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रातील सात ठिकाणी ‘अंकुर’ प्रकल्पातून ही पद्धत राबवण्यात आली आणि तेथेही मृत्यू घटले. दरम्यान 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. स्वयंसेवी संस्थांनी राज्याच्या वेगवेगळ्या भागांत गावे व शहरी वस्त्यांतील बालमृत्यू स्वतः मोजले होते. प्रत्यक्ष मृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे त्यातून उघड झाले. विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत त्यावर चर्चा झाली आणि शासनाने अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. 2011 पासून भारत सरकारने घरोघरी नवजात बालसेवा देशभर सुरू केली आणि ते काम आशा कार्यकर्तीकडे आले. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या दिवसापासून 42 व्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी झाले असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक.

मूळ प्रयोग आणि राष्ट्रीय कार्यक्रम यांत मात्र फरक आहे. गडचिरोलीतील आरोग्यदूत इंजेक्शन देत असे. आशा ते देत नाही, धोक्याची खूण दिसली की बाळाला पुढे पाठवते. 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाठवणीपूर्वी इंजेक्शन देण्याची मुभा परिचारिकेला मिळाली. बाळंतपणे आता बहुतांशी दवाखान्यात होत असल्याने जन्मवेळच्या मदतीची गरजही बदलली आहे. तरीही माता काही दिवसांत घरी परतते आणि बाळाच्या पहिल्या महिन्यातील बरेच दिवस घरातच जातात. त्या दिवसांत वजनकाटा आणि तापमापक घेऊन दार ठोठावणाऱ्या आशेला एका बाळाच्या सर्व भेटी पूर्ण केल्यावर 250 रुपये मोबदला ठरवण्यात आला. किमान मजुरीच्या हिशेबापासून सुरू झालेल्या या संशोधनाचा मजुरीचा प्रश्न अजून सुटलेला नाही.