संपर्क तुटलेल्या प्रतींचा मेळ

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन्ही जिल्ह्यांच्या वनप्रदेशांत मराठीबरोबरच गोंडी व माडिया बोलल्या जातात. त्यामुळे भाषाभ्यासकांस हे क्षेत्र मोलाचे वाटणे स्वाभाविकच होय. परंतु क्षेत्रकार्य करणारास तेथे एक व्यावहारिक अडचण येते. भामरागड तालुक्यातील दुर्गम गावी मोबाइलचा संपर्क मिळतोच असे नाही, आणि पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा मार्ग पावसाळ्यात अनेकदा बंद झालेला आहे. अशा वेळी संगणकावर केलेली टिपणे कित्येक दिवस त्या एकाच यंत्रात राहतात. पुढे संपर्क लाभला म्हणजे ती ‘क्लाउड’मध्ये, अर्थात दूरस्थ सर्व्हरवरील सामाईक साठ्यात, आपोआप जाऊन मिळतील, अशी आपली समजूत असते. हा मेळ कसा घातला जातो व त्यात काय गमावण्याचा संभव असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस परिचित आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या संपादकांसमोर हस्तलिखिते पुष्कळ होती. परंतु ती सर्व ज्या पूर्वप्रतीपासून निघाली, ती प्रत उपलब्ध नव्हती. पाठभेदांची तुलना करून तिचे अनुमान करावे लागले. समक्रमण, म्हणजे ज्याला व्यवहारात ‘सिंक’ म्हणतात ते, करणाऱ्या प्रणालीजवळ मात्र समान पूर्वप्रतीची नोंद शिल्लक असते. तिचे बहुतेक कार्य या एका नोंदीवर अवलंबून आहे.

शेवटचा मेळ झाला त्या वेळी प्रत्येक फाइलची आवृत्ती कोणती होती, हे यंत्रातील प्रणाली लिहून ठेवते. संपर्क येताच ती तीन गोष्टी ताडून पाहते : यंत्रातील आजची प्रत, सर्व्हरवरील आजची प्रत आणि ही जुनी नोंद. केवळ यंत्रातील प्रत नोंदीहून भिन्न असेल, तर ती सर्व्हरवर पाठविली जाते; केवळ सर्व्हरवरील भिन्न असेल, तर ती यंत्रात उतरविली जाते. जुनी नोंद नसती, तर दोन प्रती भिन्न आहेत एवढेच कळले असते. बदल कोणत्या बाजूस झाला हे कळले नसते. पुसलेल्या फाइलचीही गोष्ट तीच. फाइल एका ठिकाणी आहे व दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरून ती येथे नव्याने निर्माण झाली की तेथे पुसली गेली, हे ठरत नाही. म्हणून अस्तित्वाप्रमाणे अभावाचीही नोंद ठेवावी लागते.

ही तुलना करण्यासाठी सबंध मजकूर पाठविण्याचे कारण नसते. मजकुरावरून गणिताने एक छोटी संख्या काढतात. एका मात्रेचा फरक पडला तरी ती बदलते. शिवाय मोठ्या फाइलचे खंड पाडून बदललेले खंडच पाठविता येतात. ड्रॉपबॉक्समध्ये असा खंड ४ मेगाबाइटपर्यंतचा असतो. दुर्बळ संपर्काच्या प्रदेशात ही सोय विशेष उपकारक ठरते.

खरी अडचण दोन्ही बाजूंस बदल झाल्यावर उद्भवते. समजा, सामाईक शब्दसूचीत ‘पाणी’ या अर्थाचा गोंडी शब्द एका संशोधकाने एका गावी ‘एर’ असा नोंदविला आणि त्याच दिवसांत दुसऱ्याने दुसऱ्या गावी ‘येर’ असा. ज्याची वेळ नंतरची त्याचा पाठ ग्राह्य, असा नियम काही प्रणाली पाळतात. मग पहिली नोंद निमूटपणे नाहीशी होते. परंतु यंत्राचे घड्याळ चुकीचे असू शकते. आणि ते बरोबर असले तरी नंतर लिहिणाराने आधीचे लेखन पाहिले होते असे सिद्ध होत नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखविले की, परस्परांचा निरोप न पोहोचलेल्या दोन घटनांत पूर्वापर क्रम मानण्यास आधारच नसतो. म्हणून ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्ह यांसारख्या सेवा अशा प्रसंगी सहसा दोन्ही प्रती राखतात व एकीच्या नावास व्यक्तीचे किंवा संगणकाचे नाव जोडतात. गूगल डॉक्ससारख्या सेवा एकेका संपादनक्रियेची नोंद ठेवून मजकुराचा मेळ घालतात. तथापि असा मेळ म्हणजे अर्थनिर्णय नव्हे. ‘एर’ व ‘येर’ यांतील भेद लेखनाचा, उच्चाराचा की बोलीचा, हे यंत्रास ठाऊक नसते.

यावरून क्षेत्रकार्यास काही नियम घालून घेता येतील. प्रत्येक संशोधकाने प्रत्येक निवेदकासाठी स्वतंत्र फाइल ठेवावी. सामाईक सूची परतल्यावर एकत्र बसून करावी. वनप्रदेशात निघण्यापूर्वी समक्रमण पूर्ण झाल्याची खूण पाहावी, आणि परतल्यावरही ती दिसेपर्यंत यंत्रातील मूळ टिपणे काढून टाकू नयेत. नावास पुस्ती जोडलेली दुसरी प्रत आढळली, तर निरुपयोगी समजून ती पुसू नये. दोन्ही ताडून पाहाव्यात व भेद टिपून ठेवावा. ज्या वृद्ध निवेदकाकडून तो शब्द मिळाला, त्याच्याकडे पुन्हा जाण्याची संधी मिळेलच असे नाही.