छातीतली कळ आणि उडालेली झोप
(ल्युपस समजून घेताना : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात गालांवरचा लाल चट्टा आणि सकाळी न वळणारी बोटं यांच्याबद्दल लिहिलं. सांध्यांची चौकशी सगळेच करतात. मनाची आणि हृदयाची सहसा कुणी करत नाही.

ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते. दहा रुग्णांत नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन उमेदीतल्या. १९७६ साली टोरंटोच्या मरे युरोविट्झ यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं, की सुरुवातीचे मृत्यू आजाराच्या भडक्याने आणि जंतुसंसर्गाने होतात. बऱ्याच वर्षांनंतरचे, आजार शांत दिसत असताना, हृदयविकाराने. १९९७ मध्ये सुझन मँझी यांच्या अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त बायकांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांच्या ५० पटींहून जास्त निघालं. या वयात अटॅक मुळात विरळ, म्हणून आकडा एवढा मोठा दिसतो. पण पस्तिशीतल्या बाईची छाती दुखली तर ‘गॅस असेल’ म्हणून तिला घरी धाडायचं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

शरीरातला दाह रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करतो. ल्युपसवर दिलेल्या स्टेरॉइडने रक्तदाब आणि साखर वाढते, मूत्रपिंडं बिघडली तर रक्तदाब आणखी चढतो. त्यात नैराश्य. ल्युपसच्या साधारण एक चतुर्थांश रुग्णांना ते गाठतं. दुखणं, गळणारे केस, स्टेरॉइड ही कारणं आहेतच; शिवाय हा आजार मेंदूवरही परिणाम करतो. खचलेलं माणूस गोळी चुकवतं, चालणं सोडतं, मशेरी वाढवतं. त्याचा भार पुन्हा हृदयावरच पडतो.

डहाणू-तलासरीत हे आणखी अवघड होतं. चिकूच्या वाडीत काय, भातलावणीत काय, ऊन चुकत नाही, आणि ऊन ल्युपसला भडकवतं. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेलं की औषध तुटतं. संधिवाताचा डॉक्टर हवा तर डहाणू रोडहून गाडी पकडून मुंबई. म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. आणि अंथरुणातून उठवत नाही अशा सुनेला घरात ‘आळशी’ म्हणतात. हा शब्द मला फार लागतो. तो थकवा आजाराचा असतो.

ल्युपसवरची हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी बरं वाटलं तरी मनाने बंद करू नका. ती चालू असताना वर्षाकाठी डोळे तपासून घ्या. स्टेरॉइड तर एकदम कधीच थांबवू नये. दर खेपेला रक्तदाब मोजायला सांगा. गावोगावच्या आशाताईंनो, दोन प्रश्न तुम्हीही ल्युपसच्या बाईला विचारू शकता : गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिलं का? कशातच गोडी वाटेनाशी झाली का? उत्तर ‘हो’ आलं, तर तिला डॉक्टरकडे न्या. १४४१६ या मानसिक आरोग्याच्या ‘टेली-मानस’ मदतवाणीच्या क्रमांकावर मराठीत, फुकट बोलता येतं. आणि दम लागला, घाम फुटला, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर डहाणू, कासा, तलासरी, जे सरकारी रुग्णालय जवळ असेल तिथे लगेच जा, ईसीजी काढायला सांगा आणि ‘मला ल्युपस आहे’ हे आधी सांगा.