माजुलीचा वसंत

आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रात माजुली नावाचे बेट आहे. १९५० च्या भूकंपानंतर नदी त्याचे काठ अधिकच वेगाने गिळू लागली. कित्येक कुटुंबांना घरदार हलवावे लागले. २०१६ साली बेटाचा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी काठ ढासळतच आहेत.

अशा भूमीवर वसंत येतो. फागुनच्या पहिल्या बुधवारी मिसिंग शेतकरी आली-आय-लिगांग सणाला बी पेरतात. एप्रिलच्या मध्यास बोहाग बिहू येतो. त्यात पहिला मान गुरांचा. त्यांना उडीद-हळदीचे उटणे लावून न्हाऊ घालतात, दुधी-वांग्याच्या फोडी चारतात, जुनी दावी टाकून नवी बांधतात. पोळ्याला बैलांची खांदेमळणी करणाऱ्या आपणांस ही रीत परकी वाटू नये. दुसऱ्या दिवशी धाकटी माणसे वडीलधाऱ्यांस वंदन करून तांबड्या काठाचा शुभ्र गामोसा देतात.

पावसाळ्यात नदी पुन्हा चढणार, हे सारे जाणतात. तरी मागावर सूत चढतेच. कधी तिकडे जाण्याचा योग आला आणि कोणी गामोसा पुढे केला, तर तो दोन्ही हातांनी घ्या. त्यासाठी कोणी माउली आपली कामे आवरून मागापाशी बसलेली असते.